सात तारखेचा मेल

३ नोव्हेंबर, सोम.
सकाळी सव्वासातला लॅबमधून टेक्निशियन नाझियाचा फोन. "सुगंधाताई, काउंटरचं सॉफ्टवेअर उघडतच नाहीये. लॉगिन फेल्ड म्हणतंय. बाहेर उपाशीपोटी वीस माणसं बसलीत, दोघंतिघं भांडायला लागलेत."
तशीच निघाले. डबा घरीच राहिला. खारबावहून रिक्षा लगेच मिळाली, पण अंजूरफाट्याला कंटेनर आडवा.
चूक माझीच. शनिवारी डेटाबेसचा मुख्य पासवर्ड बदलला होता. कल्याणच्या कुठल्याशा लॅबचा सगळा डेटा कोणीतरी बाहेरून कुलूप लावून ठेवला म्हणे, तेव्हापासून आमच्या लॅबच्या मालकांचा, सरांचा, एकच घोशा: पासवर्ड बदल, सगळं कडक कर. नवा पासवर्ड पाच ठिकाणी टाकायचा होता. चार ठिकाणी टाकला. पाचवं काउंटर.
लॉग उघडला तर एकाखाली एक तीच ओळ. लॉगिन फेल्ड, लॉगिन फेल्ड. पावणेनऊला चालू झालं. नाझियाने सुया काढायला सुरुवात केली तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी टाळ्या वाजवल्या.
लॅबची मेलपेटीही शनिवारीच कडक केली. आता ती उघडताना मोबाइलवर कोड येतो. टेस्ट मेल टाकला होता, पोचला.
सर संध्याकाळी म्हणाले, "तू आहेस म्हणून मी निवांत आहे."
बारा वर्षं झाली. आले तेव्हा पावत्या फाडायचे. आता या लॅबमध्ये सिस्टिम म्हटलं की मी. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. चुकत चुकत शिकले. ऑफिसच्या वहीत काय केलं तेवढंच लिहिते. बाकीचं इथे.

५ नोव्हें., बुध.
एका दवाखान्यातून फोन. "तुमचे रिपोर्ट मेलवर येत नाहीत दोन दिवस."
मी म्हटलं, "स्पॅममध्ये बघा."
त्यांची मेलपेटी कायम भरलेली असते. मागच्या वर्षीही असंच झालं होतं.
सासूबाईंचा गुडघा परत सुजला. लेप लावून दिला. "बरा वाटतं हाय," म्हणाल्या. वाटत नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

७ नोव्हें., शुक्र.
दिवसभर राहनाळच्या कलेक्शन सेंटरला. तिथला बारकोड प्रिंटर अर्धीच पट्टी छापतो. काशिनाथचं गोडाऊन तिथून चालत पाच मिनिटं, म्हणून त्याच्यासोबत जेवले. लग्नानंतर असं दुपारचं बसून किती वेळा जेवलो असू आम्ही? गोडाऊनच्या मागे, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांवर, सुकटीची चटणी आणि भाकरी. बरं वाटलं.
आणखी एका दवाखान्याचा तोच फोन, मेल नाही. सोमवारी बघते म्हटलं.

१० नोव्हें., सोम.
बघायचं राहिलं. महिन्याचा बॅकअप, त्यातच गेला दिवस.

११ नोव्हें., मंगळ.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.
साडेअकराला काउंटरवर एक माणूस. चाळिशीचा, दाढी, शर्टावर सुताचे बारीक तंतू. पावती पुढे केली. जुबेदा, वय ५८, निजामपुरा. सात तारखेचं रक्त.
नाझिया म्हणाली, "रिपोर्ट तर शुक्रवारीच तयार आहे. न्यायला कोणी आलं नाही?"
"दवाखान्यात सांगितलं होतं, काही सीरियस असलं तर लॅबवाले डायरेक्ट कळवतात. काही कळवलं नाही, म्हणजे ठीक असेल समजलो." मग म्हणाला, "अम्मी शनिवारी गेली. सकाळी. नमाजाआधी वजू करायला उठली आणि तिथंच. डॉक्टर म्हणतात, मेरे पास तो रिपोर्ट आया ही नहीं. म्हणून न्यायला आलोय. काय होतं ते तरी कळू दे."
मी मागेच उभी होते. नाझियाने प्रिंट काढली. कागद बाहेर यायच्या आधी मला स्क्रीनवर लाल आकडा दिसला. पोटॅशियम ७.२. त्याला स्टार. नाझियाने दोनदा लावून खात्री केल्याची नोंद. खाली वेळ दु. १.१२. त्याच्या शेजारी "तातडीचा मेल : हो".
तो म्हणाला, "हे लाल काय आहे?"
नाझिया माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील." मी असं म्हटलं.
त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "शुक्रिया" म्हणाला.
नंतर सर्व्हरच्या खोलीत जाऊन मेलची यादी उघडली. फेल्ड. फेल्ड. फेल्ड. खाली खाली गेले. पहिला फेल्ड एक तारखेचा, शनिवार, दुपारी. मी मेलपेटी कडक केल्यावर पंधरा मिनिटांनी.
अकरा दिवस या सर्व्हरमधून एकही मेल बाहेर गेलेला नाही.

१२ नोव्हें., बुध.
काल नीट लिहिता आलं नाही. क्रमाने लिहिते, म्हणजे मलाच कळेल.
मेलपेटीला मोबाइलवरचा कोड लावला की नुसत्या पासवर्डने ती कोणाला आत घेत नाही. माणूस कोड बघून टाकतो. सर्व्हर कुठून टाकणार? त्याच्यासाठी वेगळा सोळा अक्षरांचा पासवर्ड काढून द्यावा लागतो. हे मला माहीत होतं. वाचलं होतं कुठेतरी. केलं नाही.
टेस्ट मेल मी माझ्या ब्राउझरमधून टाकला. कोड माझ्या हातात होता, तो जाणारच. सर्व्हरकडून टाकून बघितला नाही.
स्क्रीनवरचा "हो" म्हणजे मेल पोचला असं नाही. सॉफ्टवेअरने सर्व्हरच्या हातात दिला, एवढंच. पुढे सर्व्हरला दारात अडवलं तरी "हो" तसाच राहतो.
आणि मेल अडला तर मला कळावं म्हणून मीच दोन वर्षांपूर्वी सोय केलेली. मेल अडला की मला मेल येतो. तोही त्याच दारातून.
सोळा अक्षरं काढली, टाकली, टेस्ट दाबली. तीन सेकंदांत आला. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. खुर्चीतच बसून राहिले.
मग सरांना सांगितलं. त्यांनी आधी यादी मागितली. अकरा दिवसांतले लाल रिपोर्ट नऊ. सर, नाझिया, मी, तिघं फोनवर बसलो. आठ जण ठीक. कोणी कागद स्वतः येऊन नेला होता, कोणी ॲडमिट होऊन घरीसुद्धा आलं होतं. एका बाईंनी मलाच विचारलं, "काय झालं, एवढी घाबरलीस का गं?"
नववा नंबर कोणी लावला नाही.

१३ नोव्हें., गुरु.
पूर्वी लाल रिपोर्ट आला की फोन करायचा नियम होता. रजिस्टर होतं हिरव्या कव्हरचं. कोणाला फोन केला, किती वाजता, कोणी उचलला. ते रजिस्टर बंद करा असं मीच म्हटलं होतं. "सर, मेल आपोआप जातो, त्याची नोंद राहते, फोनला माणूस अडकतो." सर खूश झाले होते. नाझिया तेव्हा म्हणाली होती, फोन राहू द्या. तिचं कोणी ऐकलं नाही. मी तर नाहीच.
आज सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.
"त्या मुलाने कुठे तक्रार केली तर विचारणा होईल. आपल्याकडे काय दिसतं? रिपोर्ट वेळेत तयार, तातडीचा मेल हो. बरोबर?"
"हो दिसतं सर. पण लॉगमध्ये—"
"सर्व्हरवर जागा कमी आहे म्हणत होतीस ना तू? जुने लॉग काढून टाक. मेलचे वगैरे." खिडकीबाहेर बघत बोलत होते. "आणि फोन करायची जबाबदारी टेक्निशियनची असतेच. मेल असो नसो."
मग माझ्याकडे वळले.
"सुगंधा, वीस वर्षं घालवलीत मी इथे. अठरा माणसांचं घर चालतं यावर. तुझंही."
या माणसाने माझ्या सासऱ्यांच्या डायलिसिसच्या वेळी रात्र नाही दिवस नाही बघितला. तेही लिहायला हवं. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.
लॉग पुसायला एक ओळ लागते. ती टाइप केली. चालवली नाही. खोडली.

१४ नोव्हें., शुक्र.
पूर्ण लॉग पेनड्राइव्हवर उतरवला. का, ते विचारलं तर सांगता येणार नाही. आज सर विचारत होते, "झालं का ते काम?" मी म्हटलं, बॅकअप चालू आहे. खोटं नव्हतं.
घरी काशिनाथला सगळं सांगितलं. मुलगी शेजारी गेली होती, सासूबाई ओट्यावर.
त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गोडाऊनात माल पडून फुटला ना, की पयला काय होतं माहीत हाय? रजिस्टर हरवतं. मंग हमालाचं नाव येतं."
"हमाल म्हणजे नाझिया."
"मी काय नाव घेतलं न्हाय."
"तू काय करशील माझ्या जागी?"
"मना नको विचारू. मी दोनदा रजिस्टर हरवलंय."
अठरा वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदा कळलं. तो उठून गाईकडे गेला. मी भात लावला.

१५ नोव्हें., शनि.
पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं. नाझियाने समजावून सांगितलं, मी विचारलं म्हणून. वेळेत कळलं तर औषधं असतात, ड्रिप असते. "पण ताई, किडनी आधीच खराब होती त्यांची. काही सांगता येत नाही."
काही सांगता येत नाही. दिवसभर हे वाक्य धरून चालले. संध्याकाळी सुटलं हातातून.
सात तारखेला दुपारी १.१२ ला मी राहनाळला पुठ्ठ्यांवर बसून भाकरी खात होते.

१७ नोव्हें., सोम.
नाझियाकडून लिहून मागितलंय. "लाल रिपोर्टबद्दल दवाखान्यात फोन करणे माझ्याकडून राहून गेले." तारीख, सही. सरांनी स्वतः नाही सांगितलं, अकाउंटवाल्या मॅडमकडून मजकूर पाठवला, टाइप करून.
ती बाथरूमसमोर उभी, कागद हातात. रडत नव्हती. "स्क्रीनवर हो दिसलं ताई, म्हणून नाही केला फोन. आपने ही तो बोला था, हो दिसलं म्हणजे गेला."
मी बोलले होते. शब्दशः हेच.
"सही करू नकोस," मी म्हटलं.
"आपण बोलताय. माझा करार मार्चमध्ये संपतो. भाऊ अजून शिकतोय."
तिला सर्व्हरच्या खोलीत नेलं, लॉग दाखवला. तारीख, वेळ, ऑथेंटिकेशन फेल्ड. तिने बोटाने एक एक ओळ वाचली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "म्हणजे हे तुमच्यामुळे."
"हो."
तिने कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली. गेली. दुपारी जेवायला माझ्या शेजारी बसली नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१८ नोव्हें., मंगळ.
नाझियाने सही केलेली नाही. बोललीही नाही माझ्याशी.

१९ नोव्हें., बुध.
अर्धा दिवस सुट्टी टाकून निजामपुऱ्यात गेले. पत्ता पावतीवरचा. असा पत्ता वापरणं नियमात बसत नाही, माहीत आहे.
गल्लीत दोन्हीकडे कापडाचे लूम. खडखड इतकी की पत्ता विचारायला माणसाच्या कानाशी जावं लागतं. वर जिना, लाकडी. काउंटरवर आलेल्या त्या माणसाचं नाव इरफान. खाली सहा लूम त्याचेच. एक बहीण, मुंब्र्याला दिलेली, अजून माहेरीच होती. तिने पाणी आणलं. ती मला ओळखत नव्हती, लॅबमधून आले म्हटल्यावर खुर्ची पुसून दिली.
कसं सांगायचं ते वाटेत पाठ केलं होतं. सगळं विसरले. म्हटलं, "तुमच्या अम्मींचा रिपोर्ट दवाखान्यात पोचला नाही, तो माझ्यामुळे. त्या डॉक्टरांचा दोष नाही. आमच्याकडच्या मुलीचाही नाही. मेलची सेटिंग मी बदलली, ती चुकली. अकरा दिवस मला कळलं नाही. दोन दवाखान्यांनी फोन करून सांगितलं, तरी मी बघितलं नाही."
खालच्या खडखडाटाने ताटल्या वाजत होत्या मांडणीत. बहीण दारातच उभी राहिली.
इरफान म्हणाला, "मेल गेला असता तर वाचली असती?"
"मला माहीत नाही. डॉक्टरांना त्याच दुपारी कळलं असतं, एवढं माहीत आहे."
"किती वाजता?"
"एक वाजून बारा मिनिटं."
त्याने बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "जुम्मा होता. अम्मी खिचडा करत होती. मला फोन केला होता, डाळ कुठली घालू विचारायला." आणि आत निघून गेली. 
इरफान आतल्या दाराकडे बघत होता. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.
"दवाखान्यात जाऊन मी त्या डॉक्टरची कॉलर धरली, मॅडम. चार लोकांसमोर. बिचारा बोलत राहिला, नाही आला, नाही आला." मग म्हणाला, "तुम्हाला कोणी पाठवलं?"
"कोणी नाही."
"तुमच्या सरांना माहीत आहे तुम्ही आलात?"
"नाही."
"मग आता काय करायचं मी? माफ करू? ते तर नाही होणार माझ्याकडून."
"मी माफी मागायला..."  माफी मागायलाच गेले होते की काय?
उठले तेव्हा म्हणाला, "हे सगळं लिहून द्याल? सहीसकट?"
"देते."
जिना उतरले. खाली एक कारागीर तुटलेला धागा जोडत होता. त्याने वाट दिली.

२१ नोव्हें., शुक्र.
पत्र चार वेळा लिहिलं. पहिल्यात सगळं तांत्रिक. दुसऱ्यात रडगाणं. तिसऱ्यात "आमच्याकडून" असं पडलं, ते खोडून "माझ्याकडून" केलं. चौथं एका पानाचं. काय बदललं, कधी, काय तपासलं नाही, कोणाचा फोन आला होता, फोनचं रजिस्टर कोणाच्या सांगण्यावरून बंद झालं. जोडून लॉगची प्रत.
सरांनी लॉग पुसायला सांगितलं, हे लिहायचं का? दोन तास त्यावर. शेवटी नाही लिहिलं. लॉग आहे, पुसलेला नाही. पण हे खरं कारण आहे की मी त्यांना वाचवतेय? की स्वतःला, कारण मीही एक ओळ टाइप केली होती.
काशिनाथने वाचलं. म्हणाला, "नोकरी जाईल."
"हो."
"पोलिसात पण जाऊ शकतो तो."
"हो."
"मी येऊ का सोबत द्यायला?"
त्याच्या तोंडून हे येईल असं वाटलं नव्हतं.

२२ नोव्हें., शनि.
पत्राची प्रत आधी सरांच्या टेबलावर ठेवली. पाठीमागून देणं जमलं नाही.
त्यांनी उभ्याने वाचलं. मग बसून परत वाचलं. चष्मा काढला. डोळे लाल. झोप नसावी, का आणखी काही, कळलं नाही.
"लॉग आहे अजून."
"हो सर."
"मी सांगितलं होतं."
"हो."
"नाझियाच्या त्या कागदाचं काय झालं?"
"तिने सही केली नाही. करायचीही नाही तिने, सर."
बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "तू हे देऊ नकोस अजून. दोन दिवस दे मला."
"मी त्यांना शब्द दिलाय."
"दोन दिवस, सुगंधा."
मी हो म्हटलं. पायऱ्या उतरताना वाटलं, हेच ते. असंच होतं. दोन दिवस, मग चार, मग कोणी विचारत नाही.

२३ नोव्हें., रवि.
काही नाही. सासूबाईंना घेऊन खाडीपर्यंत गेले. काठावर बसवलं त्यांना. म्हणाल्या, "तुझा मन कुठं हाय पोरी?" सांगितलं नाही.

२४ नोव्हें., सोम.
सर आले नाहीत. केबिन बंद. फोन उचलत नाहीत.
हिरव्या कव्हरचं नसलं तरी फोनचं नवं रजिस्टर आणलं, शंभर पानी. काउंटरवर ठेवलं. नाझियाने काही न विचारता पहिली नोंद केली, ११.०५, एका बाईंची साखर. फोनवरच्या डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं, लिहिलं. मग वर न बघता म्हणाली, "ताई, डबा आणलाय का आज?"
दोन दिवस संपले. पाकीट पर्समध्ये. चार वाजता निघायचं ठरवलं.
तीनला इरफानचा फोन. नंबर मीच दिला होता.
"मॅडम, तुमच्या सरांचा फोन आला होता आत्ता. घरी येतो म्हणाले, पाच वाजता."
"काय बोलायला येतायत?"
"ते नाही सांगितलं. आवाज बरा नव्हता त्यांचा. तुम्हाला माहीत आहे काय?"
"नाही. खरंच नाही."
मागे लूमचा आवाज चालूच. मग, "माझी बहीण म्हणते त्यांना घरात घ्यायचं नाही. मी म्हटलं, त्या बाईंना विचारू. तुम्ही सांगा. घेऊ का?"
हे मला विचारतोय तो. मला.
म्हटलं, "मी येतेय. पत्र माझ्याकडे आहे. आधी ते वाचा, मग तुम्ही ठरवा दार उघडायचं की नाही."
"मग लवकर या," म्हणाला आणि ठेवला.
फोन ऐकून नाझियाने ॲप्रन काढला.  चपला घालून दारात उभी आहे. रिक्षा खाली आलीये. एवढं लिहून निघते.